स्मृतीची साधना आणि खेळाचे मैदान

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की आपल्याकडे बहुधा लेणी, स्तूप नाहीतर सम्राट अशोक यांच्याविषयी लिहिले जाते. ते लिहिलेच पाहिजे. परंतु या खेपेस आम्ही जरा वेगळ्या वाटेने जाणार आहोत. संध्याकाळी विहारात वंदना चालू असते आणि बाहेर पोरं कबड्डी खेळत असतात. आतल्यांना वाटते, बाहेरच्यांनी आत यावे. बाहेरच्यांना वाटते, आतल्यांचे एकदाचे आटोपावे. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. वास्तविक पाहता संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे.

आज अमेरिका-युरोपात 'माइंडफुलनेस' या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. तिथले बास्केटबॉलपटू, नेमबाज, धावपटू, वल्हेकरी हे रोज काही वेळ डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देतात, आणि त्यासाठी संघाकडून पगारी शिक्षक नेमलेले असतात. हा शब्द म्हणजे दुसरे तिसरे काही नसून पालीतील 'सति' होय. संस्कृतात स्मृती, आपल्या मराठीत सजगता किंवा जागरूकता म्हणता येईल. (नवऱ्याच्या चितेवर बाईला बसवणाऱ्या त्या 'सती'शी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही, हे मुद्दाम सांगितलेले बरे, कारण धम्मवर्गात हा प्रश्न हमखास येतो.) अष्टांगिक मार्गातील सातवे अंग ते हेच, सम्यक् स्मृती. आपण त्रिशरण-पंचशील म्हणतो, अष्टांगिक मार्गाची नावेही पाठ असतात. पण या सातव्या अंगाचा खेळाच्या मैदानापर्यंत प्रवास कसा झाला, कोणी केला, आणि त्याचा खरोखर काही उपयोग होतो का, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

सेदक गावचा कसरतपटू

संयुत्त निकायात 'सेदक सुत्त' नावाचे एक छोटेसे सुत्त आहे. भगवान बुद्ध सुम्भ लोकांच्या प्रदेशात सेदक या गावी राहात असताना त्यांनी भिक्खूंना ही जुनी गोष्ट सांगितली. एक कसरतपटू होता. आपण ज्याला डोंबारी म्हणतो तसा. त्याने बांबू उभा केला आणि मेदकथालिका नावाच्या आपल्या शिष्याला बांबूवर चढून खांद्यावर उभे राहायला सांगितले. गुरूचे म्हणणे असे की, आपण एकमेकांवर लक्ष ठेवू. तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळही होईल, पैसेही मिळतील आणि सुखरूप खाली उतरू. शिष्याला हे पटले नाही. तो म्हणाला, असे नाही चालायचे गुरुजी. तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो. तसे केले तरच दोघे धड खाली येऊ.

तथागतांनी शिष्याची बाजू घेतली. शिष्य जे म्हणाला तीच रीत योग्य, असे सांगून त्यांनी हा दाखला थेट स्मृतिप्रस्थानाला, म्हणजे सतिपट्ठानाला लावला. स्वतःचे रक्षण करायचे म्हणून स्मृतीची साधना करावी, दुसऱ्याचे रक्षण करायचे म्हणूनही तीच करावी. पुढे त्यांनी एक भर घातली, आणि ती फार महत्त्वाची आहे. माणूस क्षमा, अहिंसा, मैत्री आणि करुणा यांच्या योगे दुसऱ्याला सांभाळतो, तेव्हा त्यातून त्याचे स्वतःचेही रक्षण होते.

ज्यांनी मानवी मनोरे रचले आहेत त्यांना या गोष्टीतले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. खालच्या थरातला गडी वरच्याकडे बघत राहिला की त्याचा गुडघा हलतो, आणि त्याचा गुडघा हलला की सगळा मनोरा खाली. प्रत्येकाने आपापल्या पायाशी राहायचे असते. आजच्या खेळ-मानसशास्त्राने मोठमोठी पुस्तके लिहून जे सांगितले आहे त्यातले बरेचसे या चार ओळींच्या गोष्टीत आहे, असे आमचे मत आहे.

आणखी एक गोष्ट. मूळ पालीत या कसरतपटूला 'चण्डालवंसिक' म्हटले आहे. वंस म्हणजे वेळू, बांबू. आणि त्याच्या आधीचा शब्द कोणता आहे ते वाचकांनी पाहावे. जातककथांतही बांबूवरची कसरत ही चांडाळांची कला म्हणून येते. ज्यांना गावाबाहेर ठेवले होते त्यांच्या पोटापाण्याच्या खेळातून भिक्खुसंघाला स्मृतीचा धडा दिला गेला, तोही गुरूची चूक दाखवणाऱ्या शिष्याच्या तोंडून! हे सुत्त वस्तीवस्तीत वाचले गेले पाहिजे.

याच सेदक गावी सांगितलेला दुसरा दाखला तेलाच्या भांड्याचा आहे. काठोकाठ भरलेले तेलाचे भांडे डोक्यावर घेऊन एका माणसाने गर्दीतून चालायचे आहे. एका बाजूला देशातली सर्वांत सुंदर नर्तकी नाचते-गाते आहे, लोक ओरडताहेत, आणि मागे तलवार उपसलेला माणूस आहे. एक थेंब सांडला की मान उडाली. तो माणूस इकडेतिकडे बघेल काय? नाही बघणार. शरीराकडे अशीच स्मृती ठेवा, असा उपदेश. भरल्या प्रेक्षागृहात शेवटचा नेम धरणाऱ्या नेमबाजाची अवस्था याहून वेगळी नसते. तलवार तेवढी नसते.

तिसरा दाखला सोणाचा. सोण कोळिविस हा चंपानगरीच्या श्रीमंत शेठचा मुलगा, तळपाय इतके नाजूक की जमिनीला पाय लावायची सवय नाही. भिक्खू झाल्यावर त्याने असा काही जोर धरला की चंक्रमण करता करता पाय फुटले आणि वाट रक्ताने माखली. तरी मन काही शांत होईना. घरी परत जावे असे विचार येऊ लागले. तेव्हा तथागत त्याच्याकडे गेले आणि त्याला त्याच्याच पूर्वीच्या छंदाविषयी विचारले. सोण उत्तम वीणा वाजवीत असे. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरी लागत नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे. आज ज्याला आपण जादा सरावाने खेळाडू मोडणे म्हणतो, त्याचे इतके नेमके वर्णन अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वाङ्मयात असावे याचे नवल वाटते. विनयपिटकात याच प्रसंगी सोणाला एकपदरी वहाणा घालायची परवानगी मिळते. सोण म्हणतो, मला एकट्याला नको, साऱ्या संघाला असेल तर घालीन. मग साऱ्या संघालाच परवानगी मिळाली.

येथे एक खुलासा केला पाहिजे. बुद्धांनी खेळाडू तयार करण्यासाठी धम्म सांगितला नाही. उलट ब्रह्मजाल सुत्तात कुस्ती, मुष्टियुद्ध, जुगार वगैरे पाहण्या-खेळण्यापासून भिक्खू दूर राहतात अशी लांबलचक यादी आहे. कसरतपटू, तेलाचे भांडे, वीणा हे सगळे दृष्टान्त आहेत. मात्र दृष्टान्त असाच निवडला जातो ज्यात मूळ गोष्टीचा गुण दिसतो. शरीराने करायच्या कामात मन कुठे असावे, हा प्रश्न या साधनेत पहिल्यापासूनच आहे.

जपानची दंतकथा

बौद्ध साधना आणि खेळ यांचा विषय निघाला की पुष्कळजण जपानचे नाव घेतात. जर्मन प्राध्यापक ऑयगेन हेरिगेल १९२४ ते १९२९ या काळात जपानमध्ये सेंदाई येथे शिकवीत होते. तिथे आवा केन्झो या गुरूंकडे ते धनुर्विद्या शिकले आणि १९४८ मध्ये त्यांनी 'झेन आणि धनुर्विद्या' या विषयावर एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. ते जगभर गाजले. बाण मी सोडत नाही, तो आपोआप सुटतो, अशी गूढ भाषा लोकांना फार आवडली. पुढे यामादा शोजी या जपानी अभ्यासकांनी तपासून पाहिले, तेव्हा निघाले असे की आवा केन्झो हे झेन साधक नव्हतेच, आणि हेरिगेल यांना जपानी भाषा पुरती येत नसल्याने सगळा व्यवहार दुभाष्यामार्फत चालला होता. स्वतः हेरिगेल तर नाझी पक्षाचे सभासद होते. म्हणून या पुस्तकावर विसंबून राहू नये. आपल्या धम्माविषयी परदेशात कोणी काही छान लिहिले की आपण लगेच हुरळून जातो, म्हणून एवढे लिहिले.

ब्रह्मदेश, बुद्धगया आणि पुढे

आज मैदानावर पोचलेली साधना आली ती मुख्यतः ब्रह्मदेशातून. त्या कथेचा एक धागा आपल्या रत्नागिरीत आहे. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले जिंकले आणि थिबा राजाला कैद करून हिंदुस्थानात आणले. रत्नागिरीचा थिबा राजवाडा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. १९१६ साली थिबा रत्नागिरीतच वारला. राजा गेला म्हणजे ब्रह्मदेशात धम्माला राजाश्रय उरला नाही. आता शासन टिकवायचे कोणी? भदंत लेडी सयादॉ (१८४६-१९२३) यांनी याचे उत्तर दिले: सामान्य गृहस्थांनी. तोवर ध्यान हे अरण्यातल्या थोड्या भिक्खूंचे काम मानले जाई. लेडी सयादॉंनी ते शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, बायाबापड्यांना शिकवायला सुरुवात केली. पुढे महासी सयादॉ आणि सरकारी हिशेब खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले सयाजी ऊ बा खिन यांनी त्याचा विस्तार केला. ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले. त्यांचे पहिले शिबिर मुंबईत झाले. १९७६ पासूनचे इगतपुरीचे धम्मगिरी आपणां सर्वांना ठाऊक आहेच.

दुसरा धागा बुद्धगयेचा. अनागारिक मुनींद्र हे बंगालकडील बरुआ समाजातले, म्हणजे पिढीजात बौद्ध. ब्रह्मदेशात महासी सयादॉंकडे शिकून ते बुद्धगयेला परतले आणि शिकवू लागले. त्या काळात पश्चिमेकडची तरुण पोरं-पोरी झोळी घेऊन भारतात यायची. त्यांत जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग हे अमेरिकन होते. एक मुनींद्रजींकडे शिकला, दुसरी १९७१ साली बुद्धगयेतच गोएंका गुरुजींच्या शिबिरात बसली. थायलंडहून शिकून आलेल्या जॅक कॉर्नफिल्ड यांना बरोबर घेऊन या मंडळींनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॅरी गावी १९७६ मध्ये ध्यानकेंद्र उघडले. याच केंद्रात शिबिराला बसलेल्या जॉन कबॅट-झिन नावाच्या जीवशास्त्रज्ञाच्या मनात एक कल्पना आली, आणि त्याने १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी काही आठवड्यांचा वर्ग काढला. श्वास, शरीराचे एकेक अवयव, चालणे, बसणे यांकडे लक्ष द्यायचे. धम्माचे नाव त्याने मुद्दामच घेतले नाही. रोगी बिचकू नयेत हा हेतू.

या कबॅट-झिन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपूर्वी कॉलेजच्या आणि अमेरिकेच्या ऑलिंपिक संघातील वल्हेकऱ्यांना हीच साधना शिकवली. वल्ह्यांची शर्यत दोन हजार मीटरची. मोठ्या नावेत आठजण एका तालात वल्ही मारतात. पाच-सहा मिनिटांतच छाती फुटायची वेळ येते, मांड्या पेटतात. 'आता पुरे' असे मन ओरडत असताना ताल सोडायचा नाही. एकाचे वल्हे चुकले की नाव डगमगते. पुन्हा तोच बांबूचा खेळ. १९८५ साली कोपनहेगनच्या परिषदेत त्यांनी आपला अहवाल मांडला. पदके मिळवलेल्या काही खेळाडूंनी ध्यानाचा आपल्याला उपयोग झाला असे सांगितले होते. येथे विवेक ठेवला पाहिजे. हे खेळाडूंचे स्वतःचे सांगणे होते. ध्यान न करणाऱ्या तशाच दुसऱ्या गटाशी ताडून पाहिलेले नव्हते. पण सुरुवात म्हणून त्याचे मोल आहे.

जॉर्ज मम्फर्ड

या साऱ्या इतिहासात आम्हांला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे जॉर्ज मम्फर्ड. बॉस्टन शहराच्या डॉर्चेस्टर भागातला हा कृष्णवर्णीय मुलगा. बास्केटबॉल हेच त्याचे स्वप्न. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पुढे जगप्रसिद्ध झालेला ज्युलियस अर्व्हिंग त्याच्याच खोलीत राहायचा. मित्र मोठा खेळाडू झाला, याचे मात्र दुखापतींनी स्वप्न मोडले. दुखणे थांबवायला गोळ्या, गोळ्यांवरून दारू, आणि मग हेरॉईन. वरवर नोकरी चालू, आतून माणूस पोखरलेला. आपल्या वस्त्यांतून अशी घरे आहेत. जास्त लिहीत नाही. १९८४ साली मम्फर्डने नशा सोडली. अंगातले दुखणे तर होतेच, आता औषधाचा आधार नाही. तेव्हा त्याला ही साधना सापडली. त्याने ती अशी धरली की पुढे नोकरी सोडून कबॅट-झिन यांच्या संस्थेतर्फे तो गरीब वस्त्यांत आणि तुरुंगांत ध्यान शिकवू लागला. साधारण त्याच सुमारास, एप्रिल १९९४ मध्ये, आपल्याकडे तिहार तुरुंगात हजारांहून अधिक कैदी गोएंका गुरुजींच्या शिबिरात बसले होते. एकाच ब्रह्मी उगमाचे हे दोन प्रवाह दोन देशांतल्या तुरुंगांत एकाच काळात पोचले, ही गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते.

१९९३ च्या उन्हाळ्यात शिकागो बुल्स संघाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू मायकेल जॉर्डन याच्या वडिलांचा खून झाला. ऑक्टोबरमध्ये जॉर्डनने निवृत्ती जाहीर केली. लागोपाठ तीन अजिंक्यपदे जिंकलेला संघ एका दिवसात पोरका झाला. प्रशिक्षक फिल जॅक्सन हे ख्रिस्ती धर्मोपदेशकांचे चिरंजीव, परंतु स्वतः झेन साधना करीत. त्यांनी मम्फर्डला बोलावले. कल्पना करा, साडेसहा-सात फूट उंचीचे, कोट्यवधी डॉलर मिळवणारे गडी, आणि त्यांना हा माणूस सांगतो आहे की खुर्चीत ताठ बसा, डोळे मिटा, श्वास आत येतो तो जाणा, बाहेर जातो तो जाणा. सुरुवातीला कुरकुर झाली. पण मम्फर्डची भाषा मैदानावरची होती. हा आपल्यातला आहे हे त्यांना कळले. मार्च १९९५ मध्ये जॉर्डन परतला. १९९५-९६ च्या हंगामात संघाने ७२ सामने जिंकले, फक्त १० हरले, आणि १९९६, ९७, ९८ अशी तीन अजिंक्यपदे घेतली. पुढे जॅक्सन लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे गेले. मम्फर्डही तिथे शिकवायला गेले. कोबी ब्रायंट हा त्यांचा मोठा विद्यार्थी. लेकर्सने जॅक्सन यांच्या हाताखाली २००० ते २००२ आणि पुन्हा २००९, २०१० अशी पाच अजिंक्यपदे जिंकली.

मग हे सारे ध्यानामुळे झाले काय? तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. बुल्सची पहिली तीन अजिंक्यपदे मम्फर्ड येण्यापूर्वीचीच. आणि ज्या संघात जॉर्डन असेल तो डोळे मिटून बसला काय नि न बसला काय, जिंकण्याची शक्यता जास्तच. श्रद्धाळूपणा आपल्या धम्माला मानवत नाही. इटलीचा थोर फुटबॉलपटू रोबेर्तो बाज्जो हा बौद्ध, निचिरेन पंथाचा, रोज पठण करणारा. १९९४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटची निर्णायक पेनल्टी त्यानेच गोलखांबावरून उडवली. धम्म घेतला म्हणून चेंडू जाळ्यात जातो असे नाही, बरं का!

मम्फर्डने काय शिकवले हे पाहिले तर मात्र आपले डोळे उघडतात. २०१५ साली त्याचे पुस्तक निघाले. त्यात तो खेळाडूसाठी पाच महाशक्ती सांगतो: स्मृती, एकाग्रता, अंतर्दृष्टी, सम्यक् प्रयत्न आणि विश्वास. आपल्या लगेच लक्षात येईल की हे पंचबल आहे. सद्धा, विरिय, सति, समाधि, पञ्ञा. सदतीस बोधिपक्षीय धम्मांतील पाच बले त्याने बास्केटबॉलच्या भाषेत मांडली, बस्स. पुस्तकही थिच न्हात हान्ह यांनी स्थापन केलेल्या प्रकाशनसंस्थेनेच छापले. कबॅट-झिन यांनी रुग्णालयात धम्माचे नाव बाजूला ठेवले होते. नशेतून उठलेल्या या कृष्णवर्णीय माणसाने त्या यादीतले एकही बल गाळले नाही.

उपयोग होतो म्हणजे काय होते

सल्ल सुत्तात दोन बाणांचा दाखला आहे. एक बाण शरीराला लागतो. अजाण माणूस त्यावर दुःख करीत बसून मनाला दुसरा बाण मारून घेतो. खेळात पहिला बाण रोजच लागतो: झेल सुटतो, नेम हुकतो, चढाईत पकड होते. दुसरा बाण म्हणजे 'माझ्यामुळे हरलो, आता सर काय म्हणतील, बाप काय म्हणेल.' या विचारात पुढचे दोन गुण जातात. श्वासाकडे लक्ष देण्याच्या सरावात होते काय, तर मन पळते, पळाले हे कळते, त्याला परत आणतो. पुन्हा पळते, पुन्हा आणतो. बसल्या ठिकाणी हे शेकडो वेळा केले की मैदानावर परत येण्याची सवय लागलेली असते. एकाग्रता म्हणजे मन न पळणे नव्हे. पळालेले लवकर कळणे. यात चमत्कार काही नाही, हा चक्क व्यायाम आहे.

अलीकडे या विषयाचे पुष्कळ प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत २००१ पासून गार्डनर आणि मूर यांनी आणि २००९ पासून कॉफमन, ग्लास आदींनी खेळाडूंसाठी खास अभ्यासक्रम बांधले. कॉफमन यांच्या गटाने तिरंदाज, गोल्फपटू आणि लांब पल्ल्याचे धावपटू घेतले. शिबिर संपल्याबरोबर कामगिरीत मोठा फरक दिसला नाही, पण वर्षानंतर विचारपूस केली तेव्हा धावपटूंचे एक मैलाचे वेळ सुधारलेले आढळले. हे आम्हांला विश्वसनीय वाटते. कारण बी पेरले की दुसऱ्या दिवशी कणीस येत नसते. सॅन दिएगो येथे २०१५ मध्ये अमेरिकेच्या सायकल-शर्यतीच्या संघातील सात जणांच्या मेंदूची चाचणी झाली. श्वास कोंडल्यासारखा होणार, याची आधी सूचना देऊन नंतर तसे केले, तर साधनेनंतर त्यांचा मेंदू शरीरातील ही जाणीव अधिक नीट टिपत होता. मात्र सात हा आकडा लहान आहे. मायामी विद्यापीठात भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ अमिशी झा यांच्या गटाने २०१७ मध्ये शंभर फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हंगामापूर्वीच्या कठीण सरावात एका गटाला स्मृतीची साधना, दुसऱ्याला नुसते शरीर सैल सोडण्याचे शिक्षण. लक्ष टिकून राहण्याचा लाभ स्मृतीच्या गटात दिसला, पण तो ज्यांनी नेमाने सराव केला त्यांच्यात. नाव घातले आणि दांडी मारली, त्यांना काही नाही. आपल्या देशातही २०११ साली अव्वल नेमबाजांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला: चार आठवड्यांच्या ध्यानानंतर त्यांच्या लाळेतील ताणाचे द्रव्य कमी झाले आणि नेमबाजीचे गुण वाढले.

सर्व प्रयोग एकत्र तपासणाऱ्या अभ्यासकांचा निष्कर्ष मात्र सावध आहे. नेमबाजी, बाणफेक अशा स्थिर, नेमाच्या खेळांत फायदा बरा दिसतो. सांघिक, धावपळीच्या खेळांत पुरावा कच्चा आहे, आणि कित्येक प्रयोग लहान व सैलपणे केलेले आहेत. जाहिरातवाले हे सांगत नाहीत.

येथेच आमचे खरे म्हणणे येते. आपल्या समाजात ध्यान म्हटले की दोन तट पडतात. एक म्हणतो, विपश्यना हेच सर्वस्व. दुसरा म्हणतो, डोळे मिटून बसल्याने अन्याय मिटत नाही, हा चळवळ मोडण्याचा डाव आहे. आणि आता तिसरा आला: तो हीच साधना पदकासाठी, नफ्यासाठी, नोकरदाराने जास्त राबावे म्हणून विकतो. २०१९ साली रोनाल्ड पर्सर या अमेरिकन प्राध्यापकांनी, जे स्वतः बौद्ध आचार्य आहेत, या बाजारावर कडक टीकेचे पुस्तक लिहिले. टीका रास्त आहे. पालीत 'मिच्छा सति' असाही शब्द आहे, हे आपण विसरतो. मांजर उंदरावर टपून बसते तेव्हा तिचे लक्षही अढळ असते. त्याला कोणी सम्यक् म्हणत नाही. प्रतिस्पर्ध्याचा गुडघा कसा मोडता येईल यावर एकाग्र झालेला खेळाडू अष्टांगिक मार्गावर नसतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक् स्मृती म्हणजे मनाची अखंड जागृती असे सांगून ती दुष्ट विकारांवर पहारा म्हणून मांडली आहे, आणि ती बाकीच्या सात अंगांसोबत मांडली आहे. एक अंग काढून घेतले तर त्याने नेम सुधारतो, माणूस सुधारेलच असे नाही.

तरीही आम्ही खेळाडूंच्या बाजूचे आहोत. पोरगं पदकाच्या आशेने का होईना पण दहा मिनिटे स्वतःच्या मनाकडे बघते, त्यात वाईट काय आहे? मम्फर्ड दुखणे सोसण्यासाठी बसला होता, निब्बाणासाठी नव्हे. सोणाला तर परत घरी जायचे होते.

पालकांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. सर्व्हिया देशाचा टेनिसपटू नोव्हाक जोकोविच रोज सुमारे पंधरा मिनिटे ही साधना करतो असे त्याने आपल्या पुस्तकात लिहिले आहे. म्हणजे वेळ थोडा लागतो, नेम मोठा लागतो. मोठ्या शिबिराला बसायचे असल्यास एक ध्यानात ठेवावे: गोएंका परंपरेच्या दहा दिवसांच्या शिबिरात धावणे, योगासने वा अन्य व्यायाम करू देत नाहीत, फक्त चालता येते. स्पर्धा तोंडावर असेल तर खेळाडूने ते दहा दिवस हंगाम संपल्यावरच काढावेत. मनाचा गंभीर आजार असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठवू नये. केंद्रेही अर्जात हे विचारतात. लहान मुलांसाठी आनापानाची वेगळी छोटी शिबिरे असतात, आणि महाराष्ट्र शासनाच्या 'मित्र उपक्रमा'तून २०११ नंतर कित्येक शाळांत आनापान शिकवले गेले. आपल्यापैकी बऱ्याच घरांतल्या मुलांना ते येते. ते त्यांनी सोडून दिलेले असते, एवढेच. कबड्डीत एका दमात चढाई करणाऱ्या मुलाला श्वास म्हणजे काय हे कोणी नव्याने सांगायला नको. सरावाआधी दहा मिनिटे बसायचे, नाकाशी येणारा-जाणारा श्वास जसा असेल तसा पाहायचा, लांब-आखूड करायचा नाही. मन गेले की परत आणायचे, चिडायचे नाही. आणि उठून मग मैदानात घाम गाळायचा, कारण बुल्सचे खेळाडूदेखील खुर्चीवरून उठल्यावर तासन् तास चेंडूच टाकत होते.